ऐकणारी बायको

अमोल बायकोच्या स्कूटरमागे पळत होता. एका हातानं मागची कडी धरलेली, दुसरा हात हवेत, आणि तोंडानं सारखं चाललेलं, "समोर बघ, चाकाकडे नको बघू, समोर बघ." जेल रोडच्या मागचं ते मोठं मैदान. हिवाळ्याच्या सकाळी अर्ध्या मैदानात पोरं क्रिकेट खेळतात आणि उरलेल्या अर्ध्यात बायका गाडी शिकतात. योगिनी दुसऱ्या टोकाला, शिकाऊ बायकांच्या घोळक्यात उभी होती. त्याच्या पळण्यावरून तिनं त्याला ओळखलं नाही, कारण अमोलला पळताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ओळखलं ते आवाजावरून.

स्कूटरवरची बाई किंचाळली, "अमोल, सोडू नकोस हं."

"नाही सोडत गं," तो धापा टाकत म्हणाला.

योगिनीनं नकळत अंग चोरलं. आधी तिला वाटलं, ही भीती. तो आवाज कानावर आला की अंग चोरून घ्यायची सवय अशी सहज कुठली सुटायला? पण भीतीनं हातपाय गार पडतात, आणि तिची तर कानशिलं तापली होती. ती स्वतःची समजूत घालणाऱ्यातली नव्हती. हा सरळसरळ हेवा होता. जो माणूस तिच्याकडून कायम "अहो" ऐकत आला, त्याला ही नावानं हाक मारत होती. आणि तो धावत होता.

अमोल योगिनीचा घटस्फोटित नवरा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तंत्रज्ञ. त्याचं स्थळ आलं तेव्हा निफाड तालुक्यातल्या तिच्या गावात सगळे म्हणाले होते, पोरीनं नशीब काढलं. पान नाही, तंबाखू नाही, दारूचा वासही नाही. सरकारी कायम नोकरी आणि नाशिक रोडला स्वतःचा फ्लॅट. तिचे वडील बहिरूअण्णा तर लग्नाआधी मांडवातल्या प्रत्येकाला सांगत फिरत होते, जावई कसा शिस्तीचा आहे.

शिस्तीचा होताच. चपला एका रेषेत, टॉवेल चौपदरी, फोन केला की लगेच उचलायचा. भाजीवाल्याशी भावाची घासाघीस करायची नाही, कारण घासाघीस करताना बाई हसते. रस्त्याकडची खिडकी बंद. सुरुवातीला योगिनीला हे आवडायचंही. गावाकडे तिच्याकडे कुणी असं डोळ्यांत तेल घालून लक्ष दिलं नव्हतं. इतका जळतो म्हणजे जीव आहे, असं तिनं धाकट्या बहिणीला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. ते आठवलं की आता तिला स्वतःचीच शरम वाटते.

पहिली चपराक बसली ती सिलिंडरवाल्याला पाणी दिलं म्हणून. तो बिचारा चार जिने चढून आला होता. अमोल आतल्या खोलीतून बघत होता. माणूस जाईपर्यंत थांबला, दाराला कडी लावली आणि मग मारलं. नंतर तिच्यापाशी बसून, तिचा गाल कुरवाळत म्हणाला, "मला राग आला की भान राहत नाही. हात उठतोच. तू तशी वेळ आणू नकोस."

मग वेळ न आणणं हेच तिचं काम झालं. कुणी हसवलं तरी ती हसायची नाही. कुणी दार वाजवलं तरी उघडायची नाही. सासू गावाहून आली की म्हणायची, "ऐकून घेणारी आहे आमची योगिनी." आणि हे ऐकून घेणं जितकं वाढलं, तितकं ऐकून घेण्यासारखं आणखी काहीतरी निघत गेलं. एकदा शेजारच्या बाईंनी आपल्या स्कूटरवर तिला नुसतं बसवलं आणि पार्किंगमध्ये चार पावलं चालवून दाखवलं. अमोलनं ते गच्चीवरून पाहिलं. "कुठं जायचंय तुला? सांग, मी सोडतो," असं म्हणत त्यानं तिचं मनगट पिरगाळलं ते हाड वाजेपर्यंत. दवाखान्यात ती म्हणाली, बाथरूममध्ये घसरले.

माहेरी ती गेली नाही असं नाही. तीनदा गेली. तीनही वेळा आईनं, सगुणाबाईनं, भाकरी वाढली, रात्रीपुरती चटई टाकली आणि सकाळच्या एसटीत बसवून दिलं. चौथ्या वेळी योगिनी माहेरी गेली नाही. कपड्यांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या तेजस्विनी नावाच्या जुन्या मैत्रिणीकडे गेली. दोघी एका खोलीत राहिल्या, एका दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या. घटस्फोट झाला. तेजस्विनीच्या स्कूटरवर योगिनी गाडी शिकली आणि मग दुकानातल्या दुसऱ्या पोरींना शिकवू लागली. होता होता तोच तिचा धंदा झाला. दोन जुन्या स्कूटर, चार हेल्मेट आणि "योगिनी मॅडम" हे नाव. मैदानावर तिचा आवाज खणखणीत होता. बायका म्हणायच्या, मॅडम कडक आहेत, पण शिकवतात.

अमोलनं दुसरं लग्न केल्याचं तिला कळलं होतं. मुलगी पंचवटीतली, नाव तृप्ती. योगिनीनं फोनवर तिचे फोटो शोधून काढले होते. सोमेश्वरच्या धबधब्यावर दोघं, गंगापूर धरणावर दोघं, कणीस खाताना दोघं. एका फोटोत तृप्ती तोंड उघडं टाकून हसत होती, आजूबाजूला माणसंच माणसं, आणि अमोल तिच्याकडे बघून हसत होता. योगिनी फोटो बंद करायची आणि पुन्हा उघडायची. ही मार खात असेल, आज ना उद्या खाईल, असं तिला वाटायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तसं व्हावं असं वाटायचं. तसं होत नसेल तर मग प्रश्न उरत होता. आपल्यातच असं काय कमी होतं? की आपल्यावर जीव होता म्हणून तो जळत होता, आणि हिच्यावर नाही म्हणून ही सुटली? बाईच्या मनाला असल्या वाटेनं जाताना स्वतःची लाज वाटते, पण मन जातं.

त्या सकाळी, तृप्तीच्या स्कूटरमागे पळताना, अमोलनं तिला पाहिलं. पाहिलं आणि स्कूटर सोडून दिली. गाडी वेडीवाकडी जात क्रिकेटच्या स्टंपांवर आदळली. त्यानं तृप्तीला उठवलं, गाडी सरळ केली, आणि मैदानात एकदाही वळून न बघता दोघं निघून गेली.

पुढच्या आठवड्यात तृप्ती एकटीच आली. गोल चेहरा, केसांचा बुचडा, अंगात पुरुषी स्वेटर.

"मॅडम, मला शिकवाल का? घरच्या माणसाकडून काही शिकणं होत नाही."

योगिनीला नाही म्हणता आलं असतं. तिनं म्हटलं नाही. हिला जवळून बघायची इतकी हाव तिला होती की तिनं लगेच हेल्मेट पुढं केलं. दोघींपैकी कुणीही अमोलचं नाव काढलं नाही. तृप्तीला आपण कोण ते ठाऊक नसणार, असं योगिनी धरून चालली.

तृप्ती शिकायला वाईट नव्हती, पण ऐकायची नाही. ब्रेक सांगितला की हॉर्न दाबायची. डावीकडे म्हटलं की आधी विचारायची, "का? उजवीकडून जवळ पडेल ना?" पडली तर हसायची. इतर बायका पडल्या की आधी इकडेतिकडे बघतात, कुणी पाहिलं का म्हणून. ही जमिनीवर बसून हसायची. योगिनी तिला इतरांपेक्षा जास्त वेळ राबवू लागली. उन्हं चढेपर्यंत आठाच्या आकड्यात फिरवायची, छोट्याशा चुकीला पुन्हा पहिल्यापासून. आणि मनात सतत एकच, ही इतकं विचारते आणि तरी हिला कुणी मारत नाही.

एका सकाळी योगिनी मागच्या सीटवर बसली होती. "अॅक्सिलेटर सोड," ती म्हणाली. तृप्तीनं सोडला नाही. "सोड म्हणतेय ना." तृप्ती म्हणाली, "थांबा हो, येतंय मला." गाडी कुंपणाच्या दिशेनं निघाली होती. योगिनीनं पुढे हात घातला, ब्रेक दाबला, गाडी थांबली. तिथपर्यंत ठीक होतं. पण गाडी थांबल्यावर, पूर्ण थांबल्यावर, तिनं तृप्तीच्या मनगटावर फाडकन मारलं.

"सांगितलेलं ऐकायला काय होतं गं तुला? तू ही वेळ आणतेस."

शब्द तोंडातून गेले आणि योगिनीला ते ओळखू आले. ते तिचे नव्हते.

तृप्तीनं गाडी स्टँडवर लावली. हेल्मेट काढलं. आवाज न चढवता म्हणाली, "मॅडम, ओरडा पाहिजे तितकं. हात लावायचा नाही."

मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली सिमेंटचा एक कट्टा आहे. तृप्ती तिथं जाऊन बसली. योगिनी थोडा वेळ गाडीपाशी उभी राहिली, मग तीही गेली. बाकीच्या बायका लांबून बघत होत्या.

"चुकलं माझं," योगिनी म्हणाली. आणि जे विचारायचं नव्हतं ते विचारून बसली, "अमोललापण असंच सांगितलंस?"

तृप्तीनं तिच्याकडे पाहिलं. दचकली नाही. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं मी कोण ते. मलाही माहीत होतं तुम्ही कोण ते."

"मग का आलीस?"

"सांगते. आधी तुमचं उत्तर देते." तिनं पाय वर घेतले. "लग्नाला महिनाही नव्हता झाला. रविवार होता. मी मामेभावाशी फोनवर बोलत होते, हसत होते. मारलं त्यानं. एकच. मी काही शूर-बिर नाही हो. पण मी दार उघडलं आणि तशीच गाउनवर खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसले. बाबांना फोन केला. येणारी-जाणारी माणसं विचारत होती, काय झालं? मी सांगत होते, नवऱ्यानं मारलं. प्रत्येकाला. वॉचमनला, दूधवाल्याला, खालच्या जोशीकाकूंना."

"आणि बाबा?"

"आले रिक्षानं. किशोर नाव त्यांचं, एसटीत कंडक्टर होते. भांडले-बिंडले नाहीत. माझ्याशेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, घरी चल म्हणशील तर जाऊ, इथंच बसू म्हणशील तर बसू. मी म्हटलं, बसू. दुपारपर्यंत बसलो. जोशीकाकूंनी दोघांना पोहे दिले. मग अमोल खाली आला, सगळ्यांसमोर म्हणाला, पुन्हा होणार नाही. झालं नाही."

इतके दिवस योगिनी ज्याच्यावरून हिचा हेवा करत होती तो नवरा तिच्या मनातून एकदम मागं सरला आणि त्या जागी एक अनोळखी म्हातारा येऊन बसला, गाउनवर बसलेल्या पोरीच्या शेजारी, हातात पोह्यांची बशी घेऊन. त्या म्हाताऱ्यासाठी तिला रडू फुटेल असं वाटलं.

"आता मी का आले ते," तृप्ती म्हणाली. "तो मारत नाही, पण तुमचं नाव घेतो. मी माहेरी जाते म्हटलं की, भाजी बिघडली की. योगिनी कधी मान वर करून बोलली नाही. सोन्यासारखी बाई होती, एका शब्दात राहायची. मग आठ-आठ दिवस माझ्याशी अबोला. मी वैतागले होते या सोन्याला. म्हटलं, एकदा बघावी तरी. मी जळते तुमच्यावर, मॅडम. खरंच जळते."

योगिनीला हसू आलं, पण ते धड बाहेर पडलं नाही. तिनं बाही वर सरकवली आणि डावं मनगट पुढं धरलं. हाड थोडं वाकडं बसलं होतं, ते नीट पाहिलं की दिसायचं.

"हे बघ सोनं."

"हे तर बाथरूममध्ये..." तृप्ती म्हणाली आणि थांबली. "तो म्हणाला होता, तुम्ही घसरलात."

"मीही डॉक्टरांना तेच सांगितलं होतं."

तृप्तीनं कट्ट्यावरून उठत विचारलं, "पुढचा आकडा घेऊ का?" आणि जाऊन गाडी सुरू केली.

योगिनीला त्यानंतर काही दिवस दुसरं काही सुचेना. भान राहत नाही, असं तो म्हणायचा आणि तिनं ते खरं मानलं होतं. वादळाला जसा कुणी जाब विचारत नाही, तसा तिनं त्याच्या रागाला कधी विचारला नव्हता. पण त्यानं सिलिंडरवाला जाईपर्यंत वाट पाहिली होती. कडी लावली होती. साहेबावर त्याचा हात कधी उठला नव्हता. भान होतं, चांगलं शाबूत होतं. एका बाकावर माणसं जमली तेवढ्यानं त्याचा हात कायमचा खाली आला. मग आपल्यासाठी तसं बाकावर बसायला कुणी का आलं नाही? हे विचारायला ती त्याच्याकडे नव्हे, आईकडे गेली.

बहिरूअण्णा मागच्याच वर्षी वारले होते. सगुणाबाई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. पोरगी हेल्मेट घेऊन दारात उभी राहिली तसं तिनं पाट सरकवला.

"आई, मी आले की तू मला सकाळच्या गाडीनं का लावून द्यायचीस?"

"आता काय त्याचं?"

"मला पाहिजे."

सगुणाबाईनं जुडी खाली ठेवली. "लोक काय म्हन्तील म्हनून, असं म्या सगळ्यांला सांगितलं. तुलाबी तेच सांगितलं." ती अंगणात बघत राहिली. "तुझा बा मला काय कमी मारायचा का? दारूबी नाय प्यायचा, शुद्धीत मारायचा. म्या दोनदा माह्या आईकडं गेले. तिनं उंबऱ्याच्या आत नाय घेतलं. म्या काढलं सगळं. अन मग तू आलीस, हात गळ्यात बांधून. खरं सांगू का? मला तुही दया नाय आली. राग आला. म्हन्लं, म्या जनमभर काढलं अन ही तीन वर्सांत सुटती व्हय? हिला कशापायी सोपं व्हावं? आईला असं वाटावं का गं? पर वाटलं."

"माझ्यावर जळलीस तू."

"व्हय," सगुणाबाई म्हणाली. "लय जळले."

योगिनी त्या दिवशी न जेवताच निघाली. द्राक्षबागांमधल्या रस्त्यानं ती इतकी हळू गेली की मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न देत पुढे जात होते. आईला माफ करावं असं तिला वाटत नव्हतं आणि भांडावं असंही वाटत नव्हतं. खरं बोलली, एवढंच राहून राहून येत होतं. तिच्या घराण्यात हे पहिल्यांदाच कुणी खरं बोललं होतं. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली आणि जेवली.

तृप्तीला लायसन्स मिळालं त्या दिवशी अमोल मैदानाच्या फाटकापाशी आला. तृप्ती बायकांना पेढे वाटत होती. तो योगिनीसमोर येऊन उभा राहिला, हात खिशात.

"तिला शिकवलंस, बरं झालं."

"ती शिकली," योगिनी म्हणाली.

त्यानं बुटाच्या टोकानं खडा उडवला. "तिनं मला मनगटाचं विचारलं. तू सांगितलंस म्हणून. इतक्या वर्षांनी उकरून काय मिळालं?" मग आवाज उतरवून, जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाला, "तू कधी काही बोललीच नाहीस, योगिनी. ती बोलली, मी थांबलो. तू बोलली असतीस तर तुझ्याही वेळी थांबलो असतो."

योगिनीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या कानाशेजारचे केस पिकले होते. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखर असंच वाटत होतं.

"मी 'नको' म्हणाले होते," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी. तुम्हाला ऐकू येत होतं, दार बंद होतं म्हणून तुम्ही ऐकलं नाही."

तृप्ती पेढ्याचा पुडा घेऊन आली, त्याला म्हणाली, "चल, आज मी चालवते." तो मागं बसला. बिनगिअरच्या गाडीलाही हिसका देत ती निघालेली बघून योगिनीनं सवयीनं ओरडून सांगितलं, "हळू."

तृप्ती अजून त्याच्याच घरी आहे. अबोला अजून असतो, पण आता अबोला सुरू झाला की ती स्कूटर काढते आणि पंचवटीला बाबांकडे जाऊन येते. सोन्यासारख्या बाईचं नाव त्या घरात निघत नाही. कधी कधी ती मैदानावर थांबते, दोघी कट्ट्यावर चहा पितात. फार बोलत नाहीत.

योगिनीचा हेवा गेला असं म्हणता येणार नाही. तिच्याकडे आता कॉलेजच्या पोरी येतात आणि काहींचे वडील सोबत येतात, पोरीची पर्स सांभाळत कुंपणाला टेकून उभे राहतात. त्यांना बघितलं की तिच्या छातीत अजून कळ येते. परवा असाच एक बाप पोरीला सोडून स्कूटर वळवून निघाला होता. योगिनीनं हाक मारून त्याला थांबवलं.

"काका, काम नसेल तर थांबा. तिथं उभे राहा, तिला दिसेल असे."